अकराशे सातची हवा

नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरच्या ‘शीतलछाया’ इमारतीत राहायला आल्यापासून पाच महिन्यांत करुणा मेश्रामचा पतांक सातशे एकसष्टवरून पाचशे अठरावर घसरला. ज्या आकड्यावर कर्ज मिळायचं, विमा मिळायचा, भाड्याचं घरसुद्धा मिळायचं, तो आकडा तिनं सोळा वर्षं जपला होता.

ती दात घडवायची. सदर भागात एका जुन्या इमारतीत तिचा छोटा कारखाना होता आणि शहरातले नऊ दंतवैद्य तिच्याकडून दातांच्या टोप्या न् कवळ्या करून घेत. हातानं एक दात घडवायला तिला अडीच तास लागत. चिनी मातीचे थर छापत जाणारं नवं यंत्र तेच काम अकरा मिनिटांत करायचं. ते तिच्याकडे नव्हतं म्हणून नऊपैकी तिघं वैद्य आधीच दुसरीकडे गेले होते. यंत्रासाठी तिनं कर्ज मागितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बँकेनं अर्ज परत पाठवला. कारण एवढंच लिहिलं होतं, की पतांक अपुरा आहे.

करुणाच्या मते खरं कारण तिच्या टपालपेटीतच पडलेलं होतं. घर क्रमांक ११०७ मध्ये दर आठवड्याला वसुलीच्या नोटिसा येत, आणि त्या तिच्या नावाच्या नसत. कधी कोलते, कधी बारापात्रे, सगळ्यात जास्त पराग देवतळे या नावाच्या. तिघंही तिच्याआधी त्या घरात भाड्यानं राहून गेलेले. समोर ११०४ मध्ये राहणाऱ्या कुंभारे काकूंनी तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की हा पत्ताच खराब झालाय, इथं येणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं. काकू मायाळू होत्या. करुणा सामान लावत होती तेव्हा दोन दिवस त्यांच्याकडूनच डबा आला होता.

घरात करुणा आणि तिचे वडील तुळशीराम असे दोघंच. ते वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं खांबांवर चढून काम केलेला हा शांत माणूस हल्ली भलताच चिडचिडा झाला होता. चष्मा सापडला नाही की करुणानंच लपवला म्हणायचे. दुपारभर झोपायचे आणि उठले की डोकं धरून बसायचे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, तेव्हा वयावर ढकललं. करुणालाही घरात आलं की कुठंतरी जायचं राहून गेल्यासारखं वाटायचं. ती उठायची, स्वयंपाकघरात जायची, कशाला आलो ते विसरून परत यायची.

न घेतलेल्या कर्जाची शिक्षा आपण भोगायची नाही, असं ठरवून ती पतमापन केंद्राच्या तक्रार विभागात गेली. तिची तक्रार समीना काझी यांच्याकडे आली. समीना संख्याशास्त्रज्ञ होत्या, पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा करुणाकडे वळवला.

“ताई, आमच्या यंत्राला तुमचा पत्ता माहीतच नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बारा वर्षांपूर्वी कायदा झाला, तेव्हापासून पतांक काढताना नाव, जात, धर्म, लिंग आणि पत्ता यांतलं काहीही वापरायला बंदी होती. गरीब वस्तीत राहतो म्हणून कोणाची पत कमी होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. तेव्हापासून ‘निर्णयवाचक’ नावाचं यंत्र माणसाचे फक्त निर्णय वाचायचं. करार मान्य करण्याआधी माणूस तो किती वेळ वाचतो, बिलाची आठवण किती वेळा पुढे ढकलतो, एकच गोष्ट दोनदा विकत घेतो का, घाईनं घेतलेली वस्तू परत करतो का. अशा हजारो बारीक खुणांवरून ते सांगायचं, की हा माणूस पैसे फेडेल की नाही. त्यातही अलीकडच्या निर्णयांना वजन जास्त.

“आधीच्या भाडेकरूंनी दरोडे घातले असते तरी तुमच्या आकड्याला धक्का लागला नसता,” समीना म्हणाल्या. “हे बघा तुमचे निर्णय.”

पडद्यावर यादी होती. फेब्रुवारीत करुणानं भाडेकरार बावीस मिनिटं वाचला होता. जूनमध्ये माती पुरवणाऱ्याशी तीन वर्षांचा करार तिनं चाळीस सेकंदांत मान्य केला होता. एकच विमा सहा दिवसांच्या अंतरानं दोनदा घेतला होता. विजेच्या बिलाची आठवण चारदा पुढे ढकलली होती. एका वैद्याला दोनदा चुकीच्या छटेचे दात पाठवले होते. यातली प्रत्येक गोष्ट करुणाला आठवत होती. कामाचा ताण आहे म्हणून तिनं ती एकेक करून सोडून दिली होती. सगळ्या एकाखाली एक वाचताना तिचे कान तापले.

उठता उठता ती एवढंच म्हणाली, की माझ्याआधी त्या घरात राहून गेलेल्यांचं काय झालं, ते एकदा बघा. समीनांनी सांगितलं, की दुसऱ्याची माहिती दाखवायची परवानगी नाही. पण शंका त्यांच्या डोक्यात राहिली. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून करुणाला बोलावून घेतलं.

त्यांनी नावं सांगितली नाहीत, आकडे सांगितले. गेल्या नऊ वर्षांत करुणाच्या आधी त्या घरात चार कुटुंबं राहून गेली. चौघं आली तेव्हा चौघांचे पतांक सातशेच्या वर होते. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून प्रत्येकाची उतरण सुरू झाली. घर सोडल्यावर तीन-चार महिन्यांत प्रत्येक जण पुन्हा वर आला. त्या मजल्यावरच्या इतर पाच घरांत असं काहीच नव्हतं. घराचे जुने भाडेकरार आणि पतांक जुळवून समीनांनी गणित तीनदा करून पाहिलं होतं.

“यंत्राला पत्ता चोरून कळत असेल, असं आधी वाटलं. तसं नाही,” त्या म्हणाल्या. “मग वाटलं, घर स्वस्त असेल, म्हणून अडचणीतली माणसंच तिथं येत असतील. पण आली तेव्हा ती अडचणीत नव्हती. उरली एकच शक्यता. ते घर माणसाला काहीतरी करतंय.”

“म्हणजे त्यांची कर्जं मला चिकटलेली नाहीत,” करुणा म्हणाली.

“नाही. ज्यानं त्यांना कर्जात घातलं, ते तुम्हाला चिकटलंय.”

पराग देवतळेचा पत्ता करुणाला टपालखात्यात मिळाला. तो कामठीला, कन्हान नदीपासून जवळ, एका जुन्या कौलारू घरात राहत होता आणि शाळेत भूगोल शिकवत होता. नोटिसांचा गठ्ठा त्याच्यासमोर टाकून चार शब्द सुनवायचे, असं ठरवून ती गेली. त्यानं गठ्ठा निमूटपणे घेतला. सगळी कर्जं मार्चमध्येच फिटली, नोटिसा येणं बंद व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यानं माफी मागितली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

चहा पिताना तो हळूहळू बोलायला लागला. ११०७ मध्ये तो दीड वर्ष होता. तिथं त्यानं हप्त्यावर गाडी घेतली आणि अकरा दिवसांनी तोट्यात विकली. शाळेत मुलांचे गुण दोनदा चुकीचे भरले. बायकोशी रोज भांडण, शेवटी ती माहेरी गेली. भाडं परवडेनासं झालं तेव्हा तो मामाच्या या रिकाम्या घरात आला, आणि दोन महिन्यांत बायको परत आली.

“मला वाटायचं, माझा स्वभावच असा आहे,” पराग म्हणाला. “आधी कोणाला दिसला नव्हता, इतकंच.”  मग त्यानं विचारलं, “तुमचं डोकं दुखतं का? दुपारी? घराबाहेर पडलं की राहतं?”

परतीच्या वाटेवरच करुणानं समीनांना फोन केला.

दोन दिवसांनी दुपारी तीन वाजता समीना ११०७ मध्ये आल्या. बरोबर इमारतीचे हवा-अभियंता उमाळे होते. शीतलछायेची एकही खिडकी उघडत नसे. नागपूरचा उन्हाळा एकोणपन्नास अंशांवर गेल्यापासून नव्या इमारतींना उघडणाऱ्या खिडक्या ठेवायला परवानगीच नव्हती. गारवा भिंतींतल्या नळ्यांतून यायचा. श्वासाची ताजी हवा वेगळ्या वाटेनं यायची, तळघरातल्या मोठ्या पंख्यांकडून. त्या जागेला सगळे हवाघर म्हणत.

उमाळ्यांनी खिशातून मापक काढला. आधी त्यांनी काकूंच्या घरात जाऊन मोजलं, नऊशे ऐंशी. मग ११०७ च्या दिवाणखान्यात. मापक दोन हजार नऊशेवर जाऊन थांबला. त्यांनी तो झटकला, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात धरला. आकडा तोच.

तुळशीरामांनी विचारलं, हे काय मोजताय. उमाळे म्हणाले, आपण उच्छ्वासातून सोडतो तो कर्बवायू. हवेच्या दहा लाख भागांत तो किती भाग आहे, ते. बाहेर चारशे सत्तर असतो. हजारापर्यंत ठीक. अडीच हजाराच्या पुढे माणूस मरत नाही, बेशुद्धही पडत नाही, पण डोकं जड होतं आणि विचार नीट होत नाही. पुढचा-मागचा विचार लागतो तिथं तर फारच चुका होतात.

“आणि हे आतल्या माणसाला कळत नाही?” समीनांनी विचारलं.

“खोली गार असते ना. हवा जुनी आहे, हे अंगाला कळत नाही. आणि कळायचं ते ज्या डोक्याला, तेच मंद झालेलं.”

ते सगळे तळघरात गेले. तुळशीरामही हट्टानं आले. हवाघरात प्रत्येक मजल्यासाठी एक जाड नळ होता आणि अकराव्या मजल्याच्या नळाला सहा घरांच्या सहा झडपा; ११०३ च्या जागी लिफ्ट होती. पाच पूर्ण उघड्या होत्या. सहावी चोवीस टक्के.

“ही कोणी बंद केली?” समीनांनी विचारलं.

“कोणी नाही. वायुवाटप यंत्रणा रोज स्वतःच ठरवते.” उमाळ्यांनी तिथल्याच पडद्यावर जुन्या नोंदी काढल्या आणि बराच वेळ वाचत राहिले. “तिला सांगून ठेवलंय, की पंख्यांवर होणारा खर्च जास्तीत जास्त वसूल होईल अशी हवा वाटायची. ज्या घराकडून देखभालीचे पैसे थकण्याची शक्यता, तिथं कमी. कायद्यात किमान हवा ठरवलेली आहे, पण ती मजल्याच्या सरासरीवर. मजल्याची सरासरी बरोबर आहे.”

“आणि हे घर पैसे थकवतं, असं तिला का वाटतं?”

उमाळे नोंदींत दहा वर्षं मागे गेले. इमारत नवी होती तेव्हा, त्या चार कुटुंबांच्याही आधी, ११०७ मध्ये सुमन ठवकर नावाच्या एक्काहत्तर वर्षांच्या निवृत्त परिचारिका राहायच्या. त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने रुग्णालयात होत्या. तेवढे तीन महिने पैसे थकले. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दंडासकट सगळे भरले. पण यंत्रणेनं घराची नोंद केली होती, माणसाची नव्हे. तिनं झडप थोडी आवळली.

समीना भिंतीला टेकून उभ्या होत्या. “हवा कमी झाली, त्यामुळे निर्णय बिघडले,” त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. “निर्णय बिघडले म्हणून आमच्या यंत्रानं पतांक कमी केला, आणि माणूसही खरोखरच हप्ते चुकवायला लागला. हप्ता चुकला की तुमच्या यंत्राला वाटलं, आपला अंदाज बरोबर होता. मग झडप आणखी आवळली.”

“दोन्ही यंत्रं नियमातच वागताहेत,” उमाळे म्हणाले.

करुणानं विचारलं, की मग पतांक काढताना ही हवा धरता येणार नाही का. समीनांनी मान हलवली. हवा धरायची तर घर धरावं लागतं, आणि घर म्हणजे पत्ता. पत्त्याला बंदी होती.

तक्रार चालू असेपर्यंत, म्हणजे नव्वद दिवस, झडपा हातानं लावायचा अधिकार उमाळ्यांना होता. त्यांनी सहाही झडपा सारख्या केल्या. तीन आठवड्यांत तुळशीरामांची डोकेदुखी गेली. एका सकाळी त्यांनी स्वतः कणीक मळली आणि पोळ्या लाटता लाटता, इतके दिवस तुला काय काय बोललो, असं पाठमोरेच म्हणाले. करुणाचा पतांक सप्टेंबरअखेर सहाशे चाळीस झाला, ऑक्टोबरअखेर सातशे दोन.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कुंभारे काकू आल्या. चहा घेतला, पण प्यायल्या नाहीत. त्यांच्या मुलीला, गार्गीला, पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. शिक्षणाच्या कर्जाला आईची हमी लागत होती आणि हमीदाराचा पतांक साडेसातशे हवा होता. काकूंचा सातशे त्रेपन्न होता. झडपा सारख्या केल्यापासून तो सातशे पंचेचाळीस झाला होता. मजल्यावरची पाचही घरं सहा ते नऊ गुणांनी खाली आली होती. उमाळ्यांनी त्यांना कारण सांगितलं होतं.

“आमचे ते आठ गुण तुझ्या हवेचे होते,” काकू म्हणाल्या. “मला ठाऊक नव्हतं, करुणा. आता ठाऊक झालं, तरी मागायला आलेय. महिनाभर दे.”

 यांच्या आठ गुणांसाठी आपले दोनशे त्रेचाळीस गेले, हे करुणाच्या डोक्यातून जाईना. आणि समोर बसलेली बाई तीच होती, जिनं न मागता डबा पाठवला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं एकच दात तीनदा घासला आणि तिसऱ्यांदा तो फुटला.

“काऊन येवढा विचार करतं?” तुळशीराम म्हणाले. “रिकाम्या घराले हवा कुठं लागते.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. महिनाभर दुसरीकडे राहू. पराग देवतळेच्या घराशेजारी दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्यानंच बोलून ठेवल्या. उमाळ्यांनी ११०७ ची झडप बंद केली आणि बापलेक कामठीला गेले. महिनाअखेरीस गार्गीचं कर्ज मंजूर झालं.

पण त्या महिन्यात दुसरंही एक घडलं. कामठीच्या खोल्यांना तीन बाजूंनी खिडक्या होत्या. धूळ यायची, डास यायचे, पहाटे थंडी वाजायची, आणि उमाळ्यांच्या मापकानं तिथं कधीही पाचशेच्या वर आकडा दाखवला नसता. डिसेंबरमध्ये करुणाचा पतांक सातशे चौऱ्याऐंशी झाला. इतका तो तिच्या आयुष्यात कधी नव्हता आणि शीतलछायेत कोणाचाच नव्हता. बँकेनं अर्ज तिसऱ्या दिवशी मंजूर केला. यंत्र आलं. उन्हाळ्यात या कौलांखाली बाबांचं कसं व्हायचं, याची तिला धास्ती होती, पण ते म्हणाले, उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू.

तिनं ११०७ सोडत असल्याचं कळवलं तेव्हा घरमालकानं सांगितलं, की घर आधीच गेलं, जानेवारीपासून पूर्ण भाड्यानं. कोणाला, असं विचारल्यावर तो जरा घोटाळला. मजल्यावरच्या पाच कुटुंबांनी मिळून ते घेतलं होतं. करार कुंभारे काकूंच्या नावावर होता. तिथं कोणीच राहायला येणार नव्हतं.

करुणानं हे समीनांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. बातमी पसरली होती. त्यांच्या अंदाजानं शहरात अशी दोनशेच्या वर घरं भाड्यानं घेतलेली होती, आत एक सतरंजीसुद्धा नाही. शेजाऱ्यांचे आठ-दहा गुण वाढावेत म्हणून. इकडे कारखान्यातली तिची मदतनीस लग्न ठरून सात महिने झाले तरी घर शोधत होती. करुणाला राग आला, पण तो कोणावर काढावा, ते कळेना. त्या दिवसापासून ती काम करता करता मधेच उठून फेऱ्या मारायला लागली.

मार्चच्या मध्यात काकूंचा फोन आला. एकदा येऊन जा, दाखवायचंय, म्हणाल्या. काय, ते त्यांना नीट सांगता येईना. करुणा तुळशीरामांना घेऊन गेली.

अकराव्या मजल्यावर काकू दारातच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. बाबांची तब्येत कशी आहे, असं त्यांनी पाच मिनिटांत दोनदा विचारलं. त्यांचा पतांक सहाशे एक्क्याऐंशी झाला होता. पाचही घरांत डोकेदुखी, पाचही घरांत कुरबुरी. ११०२ चे चरडे तर कोणाशी बोलत नव्हते. काकूंनी ११०७ ची किल्ली करुणाच्या हातात दिली.

दार उघडलं तशी आतून हवा अंगावर आली. घर पूर्ण रिकामं होतं. खिडकीला काकूंनी ऊन अडवायला लावलेली चादर सारखी हलत होती. उमाळ्यांनी मागे काकूंच्या घरात बसवला होता तसाच एक मापक इथंही भिंतीवर होता. आकडा चारशे बहात्तर.

करुणाला समजायला वेळ लागला नाही. नव्वद दिवस कधीच संपले होते, उमाळ्यांची बदली झाली होती आणि झडपा पुन्हा यंत्रणेच्या हाती गेल्या होत्या. पाच कुटुंबं ११०७ चे देखभालीचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला भरत होती, एकदाही उशीर नाही, तक्रार नाही. इतकं भरवशाचं घर त्या इमारतीत दुसरं नव्हतं. आत माणूस राहतो की नाही, हे बघायला खासगीपणाच्या कायद्यानं यंत्रणेला मनाई होती. तिनं मजल्याची निम्मी हवा ११०७ कडे वळवली होती.

“देखभालीचे पैसे थकवायचे का, असं चरडे बोलणं टाकण्याआधी म्हणाले होते,” काकू म्हणाल्या. “म्हणजे ती झडप आवळेल. पण करार माझ्या नावावर आहे. थकले की माझं नाव जाईल.” त्या भिंतीला धरून खाली बसल्या. “तूच परत ये. भाडं आम्ही पाच जण देऊ. उन्हाळा आलाय, बाबांना तिकडे सोसणार नाही. इथं हवा आहे, ती निदान कोणाच्या तरी कामी येईल.”

त्या हवेत करुणाला सगळं फार स्वच्छ दिसत होतं. बाबा इथं उन्हाळाभर सुखात राहिले असते. समोरच्या दाराआड ही बाई दिवसेंदिवस विसराळू होत गेली असती, जशी करुणा स्वतः झाली होती, आणि पलीकडून कोणाला काही ऐकूही आलं नसतं.  करुणा दाराकडे गेली. आगीच्या नियमामुळे इमारतीतली सगळी दारं आपोआप मिटत आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडी राहिली की घंटी वाजे. तिनं दार ढकललं. सोडल्यावर ते परत आलं.

“बाबा, हा दांडा निघेल?”

दार ओढून मिटवणारा माथ्यावरचा दांडा तुळशीरामांनी बोटांनी चाचपला. काकूंकडून त्यांनी पाना मागून घेतला, पालथ्या बादलीवर चढले आणि चार मिनिटांत दांडा काढून करुणाच्या हातात दिला. दार भिंतीला टेकून राहिलं. मग ते बादली घेऊन समोर गेले आणि ११०४ च्या दाराला लागले. ते दार सुटलं तेव्हा काकूंच्या दिवाणखान्यातला पडदा एकदम आत फुगला.

दोन्ही दारांच्या घंट्या वाजायला लागल्या. आवाजानं ११०१ ची माणसं बाहेर आली, मग ११०५ आणि ११०६ ची. करुणानं त्यांना मापक दाखवला, झडपेचं सांगितलं आणि म्हणाली, की दंड होईल, पतांकही काही गुणांनी जाईल, आणि उघड्या दारांत राहायची सवय करावी लागेल. ११०५ च्या बाईंनी विचारलं, की घरातलं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल त्याचं काय. करुणा म्हणाली, जाईल. बाई दारातून बाजूला झाल्या. तुळशीरामांनी त्यांच्या उंबऱ्याशी बादली पालथी ठेवली.

संध्याकाळपर्यंत पाच दारं उघडी झाली. काकूंच्या घरातला मापक चौदाशे पन्नासवरून अकराशेवर आला होता आणि अजून उतरत होता. चरड्यांनी दार उघडलं नाही. करुणानं दोनदा टकटक केली, तिसऱ्यांदा जाऊन उभी राहिली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

तळघरातून फोन आला, अकराव्या मजल्यावरच्या घंट्या कशानं वाजताहेत, म्हणून. काकूंनी तो घेतला. दारं आम्ही उघडली आहेत, बंद करणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि काय सांगितलं ते एकदाही न विसरता पुन्हा सांगितलं. करुणा ११०२ समोर तशीच उभी होती, हात दारावर टेकवून.